कोमट समुद्रावरचा थर्मल कॅमेरा

कोकण किनाऱ्याने रात्री बोट हाकणाऱ्याला ज्यांची खरी धास्ती असते त्या गोष्टी सहसा मोठ्या नसतात. मोठे जहाज कितीतरी मैलांवरून कळते. त्याचे दिवे दिसतात, रडारवर ठसठशीत ठिपका उमटतो आणि एआयएसवर, म्हणजे जहाजे रेडिओवरून आपली ओळख आपोआप कळवतात त्या यंत्रणेवर, त्याचे नाव, वेग व दिशा लिहूनच येते. धास्ती असते ती जाळे सोडून, एखादाच मिणमिणता दिवा लावून किंवा तोही न लावता पडून राहिलेल्या लाकडी होडीची, पावसाळ्यानंतर खाडीतून वाहून आलेल्या ओंडक्याची आणि पाण्यात पडलेल्या आपल्याच माणसाची. लाकडावरून आणि फायबरवरून रडारची लहर नीट परतत नाही. त्यातच जवळच्या लाटांवरून परतलेल्या लहरींचा गोंधळ रडारच्या पडद्याच्या मधोमध जमा होतो, आणि सगळ्यांत महत्त्वाचा असा शेवटचा अर्धा मैल धूसर होऊन जातो. थर्मल कॅमेरा विकत घ्यावा की नाही, हा प्रश्न मला शिडाची बोट बाळगणारे बरेच जण विचारतात. माझे उत्तर असे की तो या अर्ध्या मैलासाठी घ्यावा. मात्र आपल्या समुद्रात तो माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे चालणार नाही, हे आधीच समजून घ्यावे.

मुंबई ते गोवा हा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपासचा टापू मी अनेक हंगाम शिडाच्या बोटीने केला आहे आणि त्यातल्या बऱ्याच रात्री हा कॅमेरा डोलकाठीजवळ बसवलेला होता. या लेखात जे निरीक्षण आहे ते तिथले आहे, आणि जे शास्त्र आहे ते कोणालाही पडताळून पाहता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे हा कॅमेरा उजेड टिपत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलक आणि तापमापक घेऊन या अदृश्य किरणांचा पत्ता लावला. आपल्या भोवतालच्या सामान्य तापमानाच्या वस्तू ज्या लहरी सर्वाधिक टाकतात त्यांची लांबी ८ ते १४ मायक्रोमीटर असते आणि बोटींवरचे बहुतेक थर्मल कॅमेरे याच पट्ट्यात पाहतात. आतल्या संवेदकावर हजारो सूक्ष्म पापुद्रे असतात. किरण पडले की पापुद्रा किंचित तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचे चित्र होते. चांगल्या कॅमेऱ्याला एका अंशाच्या विसाव्या भागाइतका तापमानातला फरकही कळतो. दुर्बिणीसारख्या दिसणाऱ्या ज्या रात्रदर्शक नळ्या मिळतात त्यांची जात वेगळी आहे. त्या चांदण्याचा तुटपुंजा उजेड वाढवून दाखवतात आणि समोर कोणी प्रखर दिवा लावला की बिचकतात. थर्मल कॅमेऱ्याला चांदणे लागत नाही आणि दिव्याचा त्रासही होत नाही. कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी क्षितिजावर असा उजेड अधूनमधून दिसतोच. त्या झगझगाटाकडे बघून डोळे दिपलेले असताना अलीकडच्या काळोखात काय आहे हे सांगणारे साधन म्हणून कॅमेऱ्याचे मोल मला प्रथम कळले.

आता कोमट पाण्याविषयी, कारण माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे.

ही साधने मुख्यतः थंड समुद्राच्या बाजारपेठांतून पुढे आली. या क्षेत्रात सर्वांत परिचित असलेली फ्लिर ही कंपनी १९७८ साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात स्थापन झाली, आणि त्या बाजूचा प्रशांत महासागर उन्हाळ्यातही अंगावर काटा आणतो. बारा अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचा चेहरा तिशीच्या पुढे असतो. म्हणजे फरक वीस अंशांचा. पडद्यावर तो दिव्यासारखा चमकतो आणि जाहिरातीतली छायाचित्रे अशाच परिस्थितीत काढलेली असतात. आपल्याकडे ऑक्टोबरात रत्नागिरीसमोर पाणी २८-२९ अंशांवर असते. माणसाच्या चेहऱ्याची कातडी ३३-३४ अंशांची, आणि ओल्या केसांचे तापमान तर जवळपास पाण्याइतकेच. फरक उरला जेमतेम पाच अंशांचा. पाच अंश म्हणजे कॅमेऱ्याच्या क्षमतेच्या मानाने भरपूर, असे वाटेल; आणि माणूस जवळ असेल तर ते खरेही आहे. पण माणूस लांब असला की त्याचे डोके एका पिक्सेलचा काही भागच व्यापते, उरलेला भाग पाण्याचा असतो आणि कॅमेरा दोहोंची सरासरी दाखवतो. पिक्सेलचा चौथा हिस्सा डोक्याने व्यापला असेल तर वीस अंशांच्या फरकाचे पाच होतात, पण पाचाचा सव्वा अंशच राहतो. समुद्राचा पृष्ठभागही काही सपाट राखाडी कापड नव्हे. लाटेची आपल्याकडे वळलेली बाजू आणि आकाशाकडे वळलेली बाजू यांच्या दिसण्यात फरक पडत असतो, आणि सव्वा अंशाचा ठिपका त्या खळबळीत सहज हरवतो.

होडीच्या बाबतीत गंमत उलटी आहे. समुद्राचे तापमान दिवसरात्रीत फारसे हलत नाही, पण होडीची लाकडी किंवा फायबरची बाजू दिवसा उन्हाने तापते आणि रात्री उघड्या आकाशाखाली पाण्यापेक्षाही थंड होते. म्हणून उत्तररात्री होडी पडद्यावर उजळ दिसत नाही; उजळ पाण्यावर ती काळी आकृती म्हणून दिसते. नव्याने कॅमेरा घेतलेला माणूस पांढरे ठिपके शोधत राहतो आणि समोरचा काळा डाग त्याच्या नजरेतून निसटतो. याचाच दुसरा अर्थ असा की तापलेली होडी थंड होत जाताना एका क्षणी तिचे आणि पाण्याचे तापमान सारखे होते, आणि सकाळी ऊन चढू लागले की पुन्हा एकदा होते. त्या दोन वेळांना होडीची बाजू पडद्यावर जवळजवळ विरघळून जाते. संध्याकाळची ती वेळ दिवेलागणीनंतर केव्हातरी येते, आणि मासेमारीच्या बोटी बंदरातून बाहेर पडण्याची गडबडही अनेकदा तेव्हाच असते. त्या वेळी होडी कळते ती इंजिनाच्या धुराड्यामुळे, चुलीमुळे आणि माणसांमुळे.

मोसमाप्रमाणे हे चित्र किती बदलते याकडे माझे लक्ष जरा उशिरानेच गेले. जानेवारीत रात्री मतलई वारा सुटतो, जमिनीवरची थंड आणि कोरडी हवा समुद्रावर येते, होड्या गार पडतात आणि पाणी मात्र २५-२६ अंशांवरच असते. तेव्हा मुरुड-जंजिऱ्यासमोरच्या होड्या कागदावर शाईने काढाव्यात तशा ठसठशीत दिसतात. मे महिन्यात पाणी तिशीला टेकलेले असते, रात्रीची हवाही जवळजवळ तितकीच उष्ण असते आणि बाष्पाने जड झालेली असते. आकाश ढगाळ असेल तर तेही क्षितिजाजवळ थंड दिसत नाही. निरभ्र कोरड्या रात्री आकाश कॅमेऱ्याला अतिशय थंड भासते, म्हणून क्षितिजाच्या वर डोके काढणारी कोणतीही वस्तू उठून दिसते. ढगाळ दमट रात्री मात्र आकाश आणि समुद्र यांची एकच करडी भिंत होते आणि क्षितिजाची रेघसुद्धा शोधावी लागते. अशा रात्री कॅमेरा बिघडला आहे असे समजून सेवाकेंद्राला दूरध्वनी करणारे लोक मी पाहिले आहेत. कॅमेरा ठीक असतो. त्याला दाखवायला फरकच उरलेला नसतो.

अंतराचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावा, कारण माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा बहुधा नुसता ठिपका उमटण्याचा असतो. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी लष्करी संशोधकाने मांडलेले निकष आजही वापरले जातात. त्यांचे ढोबळ तात्पर्य असे की काहीतरी आहे एवढे कळायला वस्तूच्या लहान बाजूवर दोनेक पिक्सेल लागतात, ते काय आहे हे कळायला सहा ते आठ, आणि नेमके ओळखायला बारा-तेरा. बोटींसाठीच्या मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यात आडवे ३२० पिक्सेल असतात आणि त्याची दृष्टी साधारण २४ अंशांची असते. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला येते अंशाचा तेरावा भाग, आणि एक किलोमीटरवर तो पिक्सेल सव्वा मीटरहून थोडा मोठा पट्टा व्यापतो. पाण्याबाहेर दीड मीटर उंच असलेली होडी तिथे उंचीला एखादाच पिक्सेल भरते, तर पाण्यावर तरंगणारे तीस सेंटिमीटरचे डोके साधारण २३० मीटरवर एक पिक्सेल होते. दोन पिक्सेल हवे असतील तर अंतर ११५ मीटर. वीस नॉट वेगाने धावणारी बोट सेकंदाला दहा मीटरहून अधिक जाते, म्हणजे ते डोके पडद्यावर नक्की दिसल्यानंतर हातात उरतात अकरा सेकंद. सहा नॉटच्या शिडाच्या बोटीला सदतीस सेकंद मिळतात. दुप्पट पिक्सेलचा, म्हणजे ६४० चा कॅमेरा घेतला तर तेवढ्याच अंशांच्या दृष्टीत ही अंतरे दुप्पट होतात. किंमत मात्र दुपटीवर थांबत नाही.

हा हिशेब एकदा कागदावर मांडला की कॅमेरा बसवल्यामुळे रात्रीचा वेग वाढवता येईल ही कल्पना आपोआप मोडीत निघते. मांडव्याहून गेटवेकडे रात्री भरधाव परतणाऱ्या वेगवान खासगी बोटींवर हल्ली असे कॅमेरे दिसू लागले आहेत आणि मला त्यांची जास्त काळजी वाटते. मुंबई बंदरात पार्श्वभूमीला शहराचे दिवे, नांगरलेली जहाजे, न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवरचे बोये आणि त्यांच्या मधून ये-जा करणाऱ्या छोट्या होड्या असा सगळा पसारा असतो. त्यात कॅमेऱ्याची आणखी एक सवय आड येते. चित्रातील सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड भागांप्रमाणे तो आपली पट्टी आपोआप आखतो. चौकटीत एखाद्या जहाजाचे तापलेले धुराडे आले की पट्टी तिकडे ताणली जाते आणि पाण्यावरचे अंशा-दोन अंशांचे बारीक फरक एका करड्या रंगात चेपले जातात. जहाज चौकटीबाहेर गेले की तीच होडी पुन्हा प्रकट होते. यावर उपाय म्हणजे कॅमेरा किंचित खाली झुकवून आकाश व जहाजे वगळणे, किंवा दृश्याप्रमाणे दिलेल्या तयार मांडण्यांपैकी योग्य ती निवडणे. पण त्यासाठी तो कॅमेरा कोणीतरी हाताळत असला पाहिजे, नुसता चालू ठेवून भागत नाही.

जाळ्यांविषयी मला विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्या किनाऱ्यावर पंख्यात जाळे अडकण्याची भीती टकरीइतकीच खरी आहे. रायगड, मुंबई आणि पालघरच्या उथळ समुद्रात बोंबील आणि जवळ्यासाठी डोल जाळी लावतात. ती खुंटांना बांधलेली असतात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून उभी राहतात. दक्षिणेकडे गेले की तरंगत्या जाळ्यांच्या लांबच लांब ओळी लागतात, ज्यांच्या टोकांना प्लास्टिकचे कॅन, थर्मोकोलचे ठोकळे किंवा बांबूला बांधलेला बावटा असतो. यांतले कॅमेऱ्याला काय दिसते? पाण्यात भिजलेला दोर दिसत नाही, कारण तो पाण्याच्याच तापमानाचा असतो. पाण्याखालचे तर काहीच दिसत नाही. या लहरी पाण्याच्या पृष्ठभागाच्या आत शिरतच नाहीत, त्यामुळे बुडीत खडपही कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरचे. कॅन लाटांनी ओला होत राहतो, म्हणून तोही बहुधा हरवतो. बांबू कधी दिसतो, तोही जानेवारीच्या थंड रात्री, काळ्या काडीसारखा आणि अगदी जवळ आल्यावर. श्रीवर्धनच्या बाजूच्या एका वयस्कर नाखव्याला मी एकदा पडदा दाखवला, तेव्हा त्याने तो बराच वेळ निरखून विचारले, ‘साहेब, ह्यात माणूस दिसतो, होडी दिसते, मग जाळं कुठाय?’ मी म्हटले, ‘नाना, जाळं दिसत नाही.’ त्यावर तो म्हणाला, ‘मग होडी कुठं आहे ते बघा आणि पाण्याची ओढ कुठं आहे ते बघा, जाळं तिकडंच असणार.’ हा सल्ला मी पाळतो. जाळे सोडलेली होडी प्रवाहात कशी पडली आहे, तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, कुठे वळली आहे आणि माणसे कोणत्या बाजूला उभी आहेत हे कॅमेऱ्यात कळले, तर जाळे कोणत्या अंगाला पसरले आहे याचा अदमास बांधता येतो आणि वळसा त्या बाजूने घ्यायचा नाही एवढे ठरवता येते. दीडशे मीटरवर माणूस पडद्यावर दोन-तीन पिक्सेल रुंद आणि सात-आठ पिक्सेल उंच असतो. तो उकिडवा बसला आहे की उभा राहून दोर ओढतो आहे एवढा भेद करता येतो. ओढत असेल तर जाळे त्याच्या पुढ्यात आहे.

दिव्यांच्या बाबतीतली मर्यादा अनेकांच्या लक्षात येत नाही. थर्मल कॅमेऱ्याला रंग नसतात. दिशादर्शक लाल आणि हिरवे दिवे, ट्रॉलिंग करणाऱ्या बोटीचा पांढऱ्यावरचा हिरवा दिवा, इतर मासेमारीचा पांढऱ्यावरचा लाल दिवा, खांदेरीच्या दीपगृहाची उघडझाप, यांतले काहीही पडद्यावर येत नाही. फार तर दिव्याचे टोपण जरा कोमट दिसते. समोरची होडी आपल्याकडे येते आहे की आपल्यापासून दूर जाते आहे हे सांगण्याचे काम आजही रंगीत दिवेच करतात आणि ते डोळ्यांनीच पाहावे लागतात. त्याचप्रमाणे कॅमेरा दिशा दाखवतो, अंतर नाही. अंधारात लहान होडी जवळ आहे की मोठी होडी लांब आहे याचा चकवा पडद्यावर सहज होतो. म्हणून ठिपका दिसला की त्याचा होकायंत्रावरचा कोन घ्यावा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा घ्यावा. कोन बदलत नसेल आणि ठिपका मोठा होत असेल तर टक्कर होण्याचा संभव आहे असे धरून चालावे. हा जुनाच नियम आहे आणि १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तो नोंदलेला आहे. त्याच नियमावलीतील पाचवा नियम सांगतो की पाहून, ऐकून आणि त्या परिस्थितीला योग्य अशा उपलब्ध सर्व साधनांनी योग्य टेहळणी ठेवली पाहिजे. माझ्या वाचनाप्रमाणे याचा परिणाम असा होतो की बोटीवर कॅमेरा असेल तर तो रात्री बंद ठेवण्याला सबब उरत नाही, आणि तो चालू असेल तरी नाळेवरचा माणूस काढून घेण्याला परवानगी मिळत नाही.

पाण्यात पडलेल्या माणसाच्या शोधासाठी मात्र, वर सांगितलेल्या सगळ्या उणिवा धरूनही, मला या कॅमेऱ्याइतके उपयोगी दुसरे साधन ठाऊक नाही. आपल्या पाण्याचा एक फायदा असा की गारठून शुद्ध हरपण्याचा धोका थंड समुद्रांच्या मानाने फार कमी, त्यामुळे शोधाला वेळ मिळतो. आमच्या बोटीवर आम्ही याचा सराव करतो आणि त्यातून काही गोष्टी ठरल्या आहेत. पडलेल्याने चेहरा बोटीकडे ठेवावा, कारण ओल्या केसांची मागची बाजू पाण्यात मिसळून जाते. लाइफजॅकेट भिजले की तेही पाण्यासारखेच होते आणि त्यावरची परावर्तक पट्टी विजेरीच्या झोताला चमकते, कॅमेऱ्याला नाही. म्हणून एकाने कॅमेरा फिरवावा आणि दुसऱ्याने विजेरी. वर काढलेला हात चांगला दिसतो. तराफ्यावर बसलेल्या माणसाने चकचकीत धातूचा मुलामा दिलेले पांघरूण गुंडाळले असेल तर तो कॅमेऱ्यातून जवळजवळ नाहीसा होतो, कारण तो मुलामा शरीराची उष्णता आत अडवतो आणि बाहेरून थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो.

तरंगत्या वस्तूंपैकी कंटेनरचा प्रश्न अलीकडे आपल्या बाजूला ऐरणीवर आला. २०२५ च्या मे महिन्यात एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ कलंडून बुडाले आणि त्यावरील सहाशेहून अधिक कंटेनरपैकी अनेक केरळच्या किनाऱ्याला लागले. पाण्याबाहेर वीतभर उरलेला कंटेनर रडारला लाटांमध्ये सापडणे कठीण असते. कॅमेऱ्यात त्याची वरची पत्र्याची बाजू कोरडी असेल तर रात्री पाण्यापेक्षा थंड होऊन काळी दिसण्याची शक्यता असते. लाटा सतत त्यावरून जात असतील तर ती शक्यताही जाते. ओंडक्याचेही तसेच. वेंगुर्ल्याच्या बेटांसारखे पाण्याबाहेरचे कातळ मात्र दिवसभराची उष्णता धरून ठेवतात आणि पहाटेपर्यंत उजळ राहतात.

बसवण्याविषयी आणि निगराणीविषयी थोडक्यात. कॅमेरा केबिनच्या काचेमागे बसवून चालत नाही. साधी काच या लहरींना भिंतीसारखी असते, म्हणूनच त्याचे भिंग बहुधा जर्मेनियम या अर्धधातूचे असते. भिंगावर साठलेले मीठ गोड्या पाण्याने आधी विरघळवावे आणि मगच मऊ कापड लावावे, कारण कोरडे पुसले तर वरच्या लेपावर ओरखडे पडतात. दिवसा सूर्य थेट भिंगात जाऊ नये म्हणून मान खाली करून ठेवावी. चालू असताना दर काही मिनिटांनी आतून टक् असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर गोठते. एक छोटी झडप संवेदकासमोर येऊन सगळे पापुद्रे समान करून जाते. तो बिघाड नाही, पण वळण घेताना नेमके चित्र गोठले की काळजाचा ठोका चुकतो हे खरे. हवेतल्या धुराने आणि धूळमिश्रित धुरक्याने, जो मुंबई बंदरात हिवाळ्यात बराच असतो, थर्मल चित्र फारसे बिघडत नाही. मुसळधार पावसात मात्र कॅमेऱ्याचीही दृष्टी अधू होते.

पडद्याच्या उजेडाबद्दल कोणी फारसे बोलत नाही आणि माझ्या मते तो कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा विषय आहे. डोळ्यांना काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि उजळ पडद्याकडे टाकलेला एक दृष्टिक्षेप ती सवय मोडायला पुरतो. म्हणून उष्ण ते पांढरे अशी मांडणी ठेवून पडद्याची तेजस्विता शक्य तितकी उतरवावी, लाल छटेची सोय असेल तर ती वापरावी, आणि सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकासमोर पडदा न लावता तो बाजूला, मान वळवून पाहावा लागेल असा लावावा. हातात धरून एका डोळ्याने पाहायच्या थर्मल दुर्बिणीत एकच डोळा दिपतो, हा तिचा गुणच मानला पाहिजे. ती कोणत्याही बोटीवर नेता येते आणि तिला तारा ओढाव्या लागत नाहीत. पण लाटांत हात स्थिर राहत नाही आणि तिला स्वतःहून आठवण करून देता येत नाही, म्हणून मध्यरात्रीनंतर ती पिशवीतच राहते.

खरेदी करताना चित्राचा वेगही विचारून घ्यावा. निर्यातीवरील निर्बंधांमुळे अनेक कॅमेरे सेकंदाला नऊच चित्रे देतात. संथ बोटीला ते पुरते. लाटांवर डोलणाऱ्या वेगवान बोटीवर मात्र चित्र अडखळत चालते आणि डोळा दमतो. फ्लिरने २०१० मध्ये बोटींवरची उपकरणे बनवणारी रेमरीन ही कंपनी विकत घेतली आणि २०२१ मध्ये टेलिडाइन या कंपनीने फ्लिर घेतली, त्यामुळे चार्टप्लॉटर (समुद्राच्या नकाशावर बोटीची जागा दाखवणारे यंत्र), रडार आणि थर्मल कॅमेरा एकाच पडद्यावर आणणे आता सोपे झाले आहे. रडारवरच्या ठिपक्यावर बोट ठेवताच कॅमेरा आपोआप तिकडे वळतो, ही सोय असलेला संच परवडत असेल तर इतर कोणत्याही झगमगाटापेक्षा मी तिला पैसे देईन. स्थिरीकरण दुसऱ्या क्रमांकावर. खूप दूरचे ओढून दाखवणारे भिंग आमच्यासारख्यांना फारसे लागत नाही, कारण सहा नॉटच्या बोटीला दोन मैलांवरची होडी ओळखण्याची घाई नसते. पैसे कमी असतील तर ३२० पिक्सेलचा, न फिरणारा, थेट पुढे पाहणारा कॅमेरा आणि जोडीला एक साधी हातातली थर्मल दुर्बीण एवढे पुरे.

हातातल्या दुर्बिणीचा दिवसाही एक उपयोग होतो. इंजिनच्या खोलीत दर काही तासांनी ती फिरवली की धुराड्याच्या नळीला जिथे थंड पाणी कमी मिळते आहे तो भाग, तापू लागलेला बेअरिंग आणि बॅटरीच्या तारेचा सैल सांधा लगेच उजळून दिसतात. सैल सांधा वेळीच घट्ट केला तर जयगडसमोर मध्यरात्री दिशादर्शक दिवे विझण्याची वेळ येत नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी कॅमेऱ्यात दिवा नसलेली होडी म्हणून आपणच दिसण्याचीही.